डाव्या गार्डचा हात

"कोच, मंगळवारी मला सुट्टी हवी होती. दाताच्या डॉक्टरकडे जायचंय."

कोच हुसेकनी टीव्हीवरचा खेळ थांबवला. आमची पाच दांडगी पोरं पडद्यावर वाकलेल्या अवस्थेत तशीच थांबली.

"कुठला दात?"

हे मी ठरवलं नव्हतं. थापा मारण्यात मी तेव्हा नवखा होतो. "खालचा," मी म्हणालो. "डावीकडचा. दाढच आहे."

"दाढ म्हणजे वाईट." त्यांनी तोंडातलं सूर्यफुलाच्या बीचं टरफल कागदी पेल्यात थुंकलं आणि माझ्याकडे बघत राहिले. चांगले पाच-सात सेकंद. आता पुढचा प्रश्न येणार म्हणून मी जीभ दाढेला लावून तयार होतो. पण त्यांनी खणातून चिठ्ठ्यांचं पॅड काढलं आणि त्यावर एक नाव लिहून दिलं. "हा चांगला आहे. दुखवत नाही."

मी चिठ्ठी खिशात घातली आणि आभार मानले. माझे बत्तीसच्या बत्तीस दात ठणठणीत होते. मंगळवारी, अकरा जूनला, मला टिलबरी कॉलेजात मुलाखतीला जायचं होतं. टिलबरी आमच्यापासून पस्तीस मैलांवर. त्यांच्याशी आमचं हाडवैर होतं आणि अकरा वर्षांत आम्ही त्यांना एकदाही हरवलं नव्हतं.

ही गोष्ट २००२ सालची. मी भरतेश मगदूम, मूळचा कुरुंदवाडचा. तालमीत वाढलो, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि पुढचं शिकायला म्हणून अमेरिकेत आयोवा राज्यातल्या पायपर कॉलेजात येऊन पडलो. चहूबाजूंनी मका आणि मधोमध कॉलेज. तिथे एकदा कुस्तीच्या मॅटवर मी एका पोराला मागे रेटत नेताना डेल हुसेक यांनी पाहिलं. "तू माणूस ढकलतोस कसा, ते माझ्या पोरांना दाखव," म्हणाले. दोन महिन्यांसाठी गेलो आणि शिक्षण संपल्यावरही त्यांच्याच हाताखाली राहिलो. 'मगदूम' त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी त्याचं 'मॅग' केलं होतं.

ते कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे ऑफेन्सिव्ह लाइन कोच होते. एकतीस वर्षं. हे काय काम असतं, ते मी कुरुंदवाडला फोनवर समजावून सांगण्याचा प्रयत्न एकदाच केला. अंड्याच्या आकाराचा चेंडू घेऊन पळायचं किंवा तो पुढे फेकायचा, असा तो खेळ. ज्यांच्याकडे चेंडू असतो त्यांचे पाच आडदांड गडी, म्हणजेच 'लाइन', सगळ्यांच्या पुढे, एक हात जमिनीला टेकून वाकलेले असतात. समोरचे अंगावर येतात, त्यांना या पाच जणांनी अडवायचं. मधला गडी चेंडू टांगांमधून मागे देतो, तेवढाच काय तो त्याचा स्पर्श. बाकीच्या चौघांच्या हाताला वर्षानुवर्षं चेंडू लागत नाही.

"म्हंजे चेंडूचा खेळ, आन् चेंडूला हात लावायचा न्हाई?" आप्पा म्हणाले.

"न्हाई, आप्पा."

"मग लोकं त्यास्नी कशाला बघत्यात?"

"त्यास्नी कोण बघतच न्हाई. चुकलं की मगच बघत्यात."

"आन् त्यास्नी शिकिवणारा तू."

"शिकवणाऱ्याच्या हाताखालचा."

आप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "हितं कुनी इचारलं, तर परपेसर हाय म्हणून सांगतो."

अशा प्रकारे मी प्रोफेसर झालो. पण कामाची परवानगी डिसेंबरअखेर संपत होती. तोवर कुठल्या तरी कॉलेजाने कायमची नोकरी आणि व्हिसाचे कागद दिले तर ठीक, नाही तर परत कुरुंदवाड. गाव वाईट नाही. पण जाताना तिथे माझा सत्कार झाला होता, शाल-श्रीफळ देऊन, आमदारांच्या हस्ते. रिकाम्या हाताने परत गेलो तर ती शाल पांघरून कुठल्या गल्लीतून चालायचं, हा प्रश्न होता. कोच हुसेकना मी मार्चमध्ये नोकरीबद्दल विचारलं होतं. ते "बघू" म्हणाले होते. आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. तिकडेही तेच असणार असं मी धरून चाललो. म्हणून टिलबरीचा मुख्य प्रशिक्षक ब्रेंट स्टॉडार्डचा फोन आला, तेव्हा मी दुसरं काही विचारलंच नाही.

तिथे काय झालं ते सांगण्याआधी कोच हुसेक यांची एक रीत सांगायला हवी. शनिवारी सामना असायचा. रविवारी सकाळी ते सगळा सामना पुन्हा बघत आणि प्रत्येक खेळीला पाचही गड्यांना गुण देत. दोन रकाने. एकावर लिहिलेलं 'काम', दुसऱ्यावर 'पाय'. समोरच्याला अडवलं की कामाच्या रकान्यात अधिकची खूण. पण पहिलं पाऊल चुकीचं टाकून, धक्काबुक्की करून कसंबसं अडवलं असेल, तर पायाच्या रकान्यात उणे. पोरं वैतागायची. "कोच, मी त्याला आडवा केला ना?" "केलास," ते म्हणायचे. "नशीब होतं. पाय चुकला." आणि उणे तसंच राहायचं. मला त्या कागदावर कधी गुण मिळाले नाहीत, कारण मी खेळाडू नव्हतो. पण मिळावेत असं वाटायचं. त्या वयात एखाद्या माणसाने आपल्याला 'बरोबर' म्हणावं असं फार वाटतं.

एप्रिलच्या सरावात मला एक गोष्ट दिसली होती. आमचा डावा गार्ड, म्हणजे मधल्या गड्याच्या लगेच डावीकडचा, एमेट नावाचा शेतकऱ्याचा पोरगा होता. अंगाने हत्ती, रंगाने गुलाबी. पळण्याची खेळी असली की गार्डला पुढे झेपावायचं असतं, तेव्हा नकळत भार टेकलेल्या हातावर जातो. फेकीची असली की मागे सरायचं असतं, म्हणून हात हलका राहतो. तसं होऊ द्यायचं नसतं, कारण समोरच्याला पुढची खेळी आधीच कळते. एमेटचं तेच होत होतं. पळायचं असलं की त्याची बोटांची पेरं पांढरी पडायची आणि फेकायचं असलं की गुलाबी राहायची. कॅमेऱ्यात हे दिसणं शक्य नव्हतं. मला दिसलं, कारण आमच्या वस्तादांनी मला माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला शिकवलं होतं, आणि सरावात मी अजूनही तालमीतल्यासारखा उकिडवा बसत असे.

मी धावत जाऊन कोचना सांगितलं. ते बिया चघळत म्हणाले, "तुझी नजर चांगली आहे, मॅग. कुणाला बोलू नकोस. ऑगस्टमध्ये बघू."

पुन्हा 'बघू'.

टिलबरीत माझं स्वागत जावयासारखं झालं. स्टॉडार्ड उंच, चकचकीत दातांचा, हसरा माणूस. त्याने कॉफी दिली, कॉलेजचा वकील व्हिसाचं सगळं बघतो म्हणाला, मग मला फळ्यापुढे उभं करून तासभर प्रश्न विचारले. मी भराभर आकृत्या काढल्या. तो मान डोलवत राहिला. कोच हुसेकनी दोन वर्षांत जेवढी मान डोलवली नव्हती, तेवढी त्याने तासाभरात डोलवली.

"एक शेवटचं," तो म्हणाला. "इतरांना दिसत नाही आणि तुला दिसतं, असं काही तरी सांग."

कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. मी शंभर गोष्टी सांगू शकलो असतो. पण माझ्याकडे दाखवण्यासारखी एकच खरी चीज होती, आणि ती दाखवल्याशिवाय मला राहवेना.

"आमच्या एका गार्डची पेरं पांढरी पडतात," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. नाव मात्र घेतलं नाही. नाव न घेण्यात आपण फार मोठी नीतिमत्ता पाळतोय असं मला वाटत होतं.

"वा!" स्टॉडार्ड म्हणाला. मग कॉफी ओतता ओतता सहज विचारावं तसं विचारलं, "डावा की उजवा?"

"डावा."

"कळवतो आम्ही," तो म्हणाला.

कुणी काही कळवलं नाही. जुलैच्या शेवटी मला दुसऱ्याकडून कळलं, की ती जागा मे महिन्यातच भरली होती. स्टॉडार्डच्या जावयाने. मी गेलो तेव्हा जावई बहुधा शेजारच्याच खोलीत बसला असेल.

त्या दिवशी मी माझ्या खोलीत बसून जोरात रडलो. नोकरी गेली याचं दुःख होतंच, पण ती मुळात नव्हतीच याची लाज जास्त होती. आणि मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. मोसमातला शेवटचा सामना, सोळा नोव्हेंबर, टिलबरीशी. तो कोच हुसेक यांचाही शेवटचा सामना असणार होता. सहासष्टाव्या वर्षी ते निवृत्त होणार होते. टिलबरीला एकदा हरवून घरी जायचं, एवढंच ते म्हणायचे. आणि त्यांच्या डाव्या गार्डचा हात मी टिलबरीच्या हवाली करून आलो होतो, एक कप कॉफीवर.

ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला तसा पहिल्याच दिवशी मी कोचच्या मागे लागलो. "कोच, एमेटचा हात दुरुस्त करू या ना. मी करतो. आठ दिवस द्या मला."

"एमेटला हात लावायचा नाही."

"पण कुणाच्या लक्षात आलं तर?"

"कुणाच्या येणार?" ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले. पुन्हा तेच पाच-सात सेकंद. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. बाकीच्या संघांना काही पत्ता नव्हता. आम्ही जिंकत होतो, हरत होतो, आणि सरावात एमेटची पेरं पांढरी-गुलाबी होत होती. मी एकदा एमेटला बाजूला घेऊन म्हणालो, "अरे, हातावर एवढा भार देऊ नकोस." तो भोळेपणाने हसला आणि म्हणाला, "कोचनी सांगितलंय, तुमचं ऐकायचं नाही म्हणून. या बाबतीत."

सामन्याच्या आधीच्या गुरुवारी लाइनच्या पोरांना कोचच्या घरी जेवण असायचं. त्यांची बायको मार्लीन पोरांपुढे मांसाचे डोंगर रचायची आणि माझ्यासाठी, मी जैन म्हणून, वेगळ्या भांड्यात बटाटा आणि चीज भाजून ठेवायची. पहिल्या वर्षी मी तिला बटाटासुद्धा चालत नाही हे सांगायला लाजलो होतो. तेव्हापासून निमूटपणे खात होतो. टिलबरीच्या सामन्याआधीच्या गुरुवारी मी ताट अर्धंच ठेवून उठलो. मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने कोच बाहेर आले.

"दाढ कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"दाढ?" मला आठवायला वेळ लागला. "बरी आहे. काढली."

"काढली?"

"हो."

"बरं झालं." ते माझ्या शेजारी उभे राहून मक्याच्या कापलेल्या शेताकडे बघत राहिले. "काही सांगायचंय का, मॅग?"

सगळं सांगून टाकणार होतो. पण सांगितलं, तर डिसेंबरपर्यंतही ठेवणार नाहीत, हाकलून देतील, असं वाटलं. शिवाय या माणसाने मला 'तुझी नजर चांगली आहे' असं म्हटलं होतं. तेवढं एकच तर म्हटलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "बटाटा छान झालाय."

शनिवारी चार हजार माणसं आली होती. टिलबरीचा एमेटसमोरचा गडी प्रत्येक खेळीआधी मान खाली घालून एमेटच्या हाताकडे बघायचा आणि ओरडायचा. 'रेड' ओरडला की आमचा गडी चेंडू घेऊन पळणार असायचा, आणि त्यांचे चौघे आधीच तिथे जमलेले असायचे. 'ब्लू' ओरडला की आमची फेक असायची, आणि फेकणारा हात उचलायच्या आत जमिनीवर असायचा. रेड, ब्लू, ब्लू, रेड. एकदाही चुकला नाही. मी दिलेल्या माहितीचा इतका अचूक वापर मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मध्यंतरापर्यंत टिलबरी दहा, आम्ही शून्य. आमचा फेकणारा पोरगा लंगडत आत आला. त्याला तसं बघून मला माझाच गळा धरावासा वाटला.

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. मी खोलीत कोचना गाठलं. इथे मी जे केलं, त्याची मला आयुष्यातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त लाज वाटते. टिलबरीतल्या त्या फळ्यापेक्षाही जास्त.

"कोच," मी म्हणालो, "ते एमेटचा हात वाचतायत."

"असं?" त्यांनी बी फोडली. "कधी लक्षात आलं तुझ्या?"

"आत्ताच. दुसऱ्या क्वार्टरमध्ये. त्यांचा तो गडी खाली बघतो ना, त्यावरून मला शंका आली."

"आत्ताच."

"हो, कोच."

"तुझी नजर चांगली आहे, मॅग," ते म्हणाले. मग एमेटकडे वळले. एमेट बाकावर बसून संत्रं खात होता. कोचनी त्याला एकच शब्द सांगितला, "उलट." एमेटने मान हलवली आणि उरलेलं संत्रं तोंडात कोंबलं.

उत्तरार्धाची पहिली खेळी. त्यांच्या गड्याने खाली पाहिलं आणि ओरडला, "रेड!" टिलबरीचे सगळे पुढे झेपावले, आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला. चाळीस यार्ड. पुढच्या खेळीला तो ओरडला, "ब्लू!" सगळे मागे पांगले, आणि मधून आमचा गडी पळत सुटला. त्यांना कळायला पंचवीस मिनिटं लागली, कारण मुलाखतीतून मिळालेल्या माहितीवर माणसाचा विश्वास लवकर उडत नाही. तोवर आम्ही एकवीस, ते दहा.

सगळे नाचत होते. मीही नाचत होतो, आणि नाचता नाचता मध्येच थांबलो. अंगवळणी पडलेली सवय मध्यंतरात एका शब्दावर उलटी होत नसते. असलं काही अंगात भिनायला महिने लागतात, हे मला शिकवणारा माणूस तिथे रेषेवर शांतपणे बिया फोडत उभा होता.

सामन्यानंतर दोन्हीकडचे लोक हात मिळवतात. स्टॉडार्डने माझा हात जरा जास्तच दाबला. "हुसेकनी तुला पढवून पाठवलं होतं तर," तो चकचकीत दात दाखवत म्हणाला. "मानलं बुवा." दोन्ही बाजूंनी मला एकदमच हुशार ठरवलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण आमच्याकडे जिंकल्यावर सामन्याचा चेंडू एका माणसाला बक्षीस देतात. आमचा मुख्य प्रशिक्षक बाकावर चढला आणि म्हणाला, "डेल मला सांगतो, की मध्यंतरात त्यांची चोरी एका माणसाने पकडली. मॅग!" पोरांनी मला उचलून खांद्यावर घेतलं. ज्या कामात चेंडूला हात लागत नाही, त्या कामासाठी माझ्या हातात चेंडू दिला. मी कोच हुसेक यांच्याकडे पाहिलं. ते टाळ्या वाजवत होते, इतरांसारख्याच.

रविवारी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेलो. टेबलावर गुणांचा कागद तयार होता. पाच नावं नेहमीची. सहाव्या ओळीत, दोन वर्षांत प्रथमच अक्षर न चुकता, लिहिलं होतं: मगदूम. त्याखाली दोन खेळ्या. 'अकरा जून. काम: अधिक. पाय: उणे.' आणि 'मध्यंतर. काम: अधिक. पाय: उणे.'

मी उभाच राहिलो. बसायचं सुचलं नाही.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"एप्रिलपासून."

"एप्रिलमध्ये मी काहीच केलं नव्हतं!"

"माझ्या हाताखालच्या प्रत्येक माणसाला स्टॉडार्ड एखाद्या जूनमध्ये बोलावतो. जागा असो वा नसो. तू चौथा." त्यांनी पेला जवळ ओढला. "सगळ्यांचे दात जूनमध्येच दुखतात. आधीचे तिघे तिथे काय बोलून आले, ते मला नोव्हेंबरमध्ये मैदानावर कळलं. या खेपेला म्हटलं, काय बोलायचं ते आपणच पुरवावं."

"म्हणजे एमेटचा हात..."

"एमेटचा हात कधीच वाईट नव्हता. त्याला सांगितलं होतं, मॅग समोर उकिडवा बसला की तसं कर, आणि टिलबरीशी मी सांगेपर्यंत. उलट करायचा सराव तो घरी करायचा. गोठ्यात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की कशाचं, ते मला आजही सांगता येणार नाही. "मी गेलोच नसतो तर?"

"तर एमेटची बोटं वर्षभर फुकट दुखली असती. मला चाललं असतं."

"आणि ऑगस्टमध्ये येऊन सांगितलं असतं तर?"

त्यांनी टीव्ही चालू करायला हात पुढे केला होता, तो तसाच थांबला. "तर कालचा डाव आपण दोघांनी मिळून केला असता," ते म्हणाले. मग टीव्ही चालू केला. "खुर्ची घे. डाव्या बाजूपासून सुरुवात करू."

आम्ही सगळा सामना पाहिला. पोरांना गुण दिले. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजच्या कार्यालयातून बोलावणं आलं. कोच हुसेक यांच्या जागी मला कायमची नोकरी मिळाली होती, व्हिसाच्या कागदांसकट. सह्या करताना फाइलमध्ये त्यांनी माझ्यासाठी दिलेलं शिफारसपत्र दिसलं. तीनच ओळींचं होतं. शेवटची ओळ होती, 'या माणसाचं पहिलं पाऊल बरोबर पडतं.' वर तारीख होती एकवीस मे. मी पुन्हा वाचली. एकवीस मे. माझ्या दाढेच्या तीन आठवडे आधी.

कुरुंदवाडला फोन केला. चेंडूचं मी आधीच सांगितलं होतं. "नोकरी पक्की झाली, आप्पा," मी म्हणालो.

"चेंडू दिल्यावर हुनारच," आप्पा म्हणाले.

या गोष्टीला तेवीस वर्षं झाली. कोच हुसेक नाहीत, मार्लीनही नाही. तो चेंडू माझ्या खोलीत कपाटावर आहे. नवी पोरं विचारतात तेव्हा मी सांगतो, की तो मला चांगल्या नजरेबद्दल मिळाला. खण तोच आहे, चिठ्ठ्यांचं पॅड नवं. टिलबरीला स्टॉडार्डचा जावई आता मुख्य प्रशिक्षक आहे, आणि गेली सहा वर्षं आम्ही त्यांना हरवलेलं नाही.

माझ्या हाताखाली कोल्बी नावाचा एक गुणी पोरगा आहे. या एप्रिलमध्ये तो माझ्याकडे धावत आला होता. आमचा उजवा टॅकल, म्हणजे लाइनच्या उजव्या टोकाचा गडी, फेकीच्या खेळीआधी डावी टाच वीतभर मागे ठेवतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. इतर कुणाच्याही आलं नव्हतं. त्याची नजर चांगली आहे आणि कुणाला बोलायचं नाही, हे मी त्याला सांगितलं. कायमच्या नोकरीसाठीचं त्याचं शिफारसपत्र मी मेमध्येच देऊन टाकलंय. ते त्याला अजून माहीत नाही.

आता जून लागलाय. काल दुपारी तो दारात येऊन उभा राहिला.

"कोच, मंगळवारी सुट्टी मिळेल का? दाताच्या डॉक्टरकडे जायचंय."

"कुठला दात?"

त्याने गालाला हात लावला. "वरचा. उजवीकडचा."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तेवढ्या वेळात तो सांगू शकला असता. मीही सांगू शकलो असतो. पत्राचं ओठांवर आलं होतं. मग मी खण उघडला, पॅड काढलं आणि त्याला एका चांगल्या डॉक्टरचं नाव लिहून दिलं. त्याने आभार मानले आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.